बुरशींच्या लिपिडांची तुलना आणि एफ-२५४ सिलिका प्लेट : एक परीक्षण

पदव्युत्तर सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत निरनिराळ्या बुरशींच्या पेशीपटलांतील लिपिडांची तुलना करायची असेल, तर ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर सिलिका जेलचा थर दिलेली आणि २५४ नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशात हिरवी चमकणारी तयार टीएलसी (पातळ थरावर द्रावक चढवून मिश्रणातील घटक वेगळे करण्याच्या पद्धतीची) प्लेट हे आज मिळणाऱ्या साधनांपैकी सर्वांत व्यवहार्य साधन आहे, असे माझे मत आहे. मात्र हे मत सरसकट नाही. या प्लेटवर काही गोष्टी इतक्या स्वच्छ दिसतात की महागड्या यंत्राची उणीव भासत नाही. काही गोष्टी तिच्यावर मुळीच दिसत नाहीत. आणि काही दिसल्यासारख्या वाटतात, पण त्यांचा अर्थ वेगळाच असतो. एखाद्या विशिष्ट कंपनीचा माल चांगला की वाईट हे सांगण्याचा येथे उद्देश नाही. या जातीच्या प्लेटचा प्रस्तुत कामाला कितपत उपयोग होतो, एवढेच येथे पाहिले आहे.

प्लेट सामान्यतः २० × २० सेंटिमीटर आकारात आणि २५ नगांच्या खोक्यात मिळते. थराची जाडी ०.२ मिलिमीटर असते. पत्रा साध्या कात्रीने कापता येतो, त्यामुळे एका प्लेटचे ५ × १० सेंटिमीटरचे आठ तुकडे होतात आणि एका खोक्यात दोनशे तुकड्यांची सोय होते. खोक्याची किंमत ऐकून विभागप्रमुखांच्या कपाळाला आठी पडते, तेव्हा हा हिशोब त्यांच्यापुढे ठेवावा. कापताना थराची बाजू वर ठेवावी आणि धारेलगतचा दोन-तीन मिलिमीटरचा भाग वापरू नये, कारण तेथील सिलिका भुसभुशीत होते आणि द्रावक त्या कडेने वेडावाकडा चढतो. काचेवर हाताने थर देण्याची पद्धत अजून अनेक महाविद्यालयांत आहे. जिप्सम मिसळलेले सिलिका जेल पाण्यात कालवून स्प्रेडरने पसरायचे, वाळवायचे आणि ११० अंशांवर तापवून सक्रिय करायचे, हे काम विद्यार्थ्याने एकदा तरी करावे. पण पाच बुरशींची तुलना जेव्हा एकाच प्लेटवर शेजारी शेजारी करायची असते, तेव्हा थराची जाडी एका टोकाला कमी आणि दुसऱ्या टोकाला जास्त असून चालत नाही. तयार प्लेटचा पहिला फायदा हा समान थर आहे.

दुसरा आणि माझ्या दृष्टीने निर्णायक फायदा नावातील ‘एफ-२५४’ या अक्षरांत आहे. थरात मिसळलेले प्रतिदीप्तिशील द्रव्य २५४ नॅनोमीटरच्या दिव्याखाली हिरवे चमकते आणि ज्या ठिकाणी त्या तरंगलांबीचा प्रकाश शोषणारा पदार्थ बसलेला असतो तेथे काळा ठिपका दिसतो. बहुतेक लिपिडे या परीक्षेत अदृश्यच राहतात. फॉस्फोलिपिड, ट्रायग्लिसराइड, कोलेस्टेरॉल यांपैकी कोणाचाही ठिपका नीट दिसत नाही. एर्गोस्टेरॉलचा मात्र दिसतो; प्राण्यांच्या पेशीपटलात जी जागा कोलेस्टेरॉलची, ती बहुतेक बुरशींत या स्टेरॉलची असते. त्याच्या ‘ब’ वलयात पाचव्या आणि सातव्या कार्बनपाशी दोन संयुग्मी दुहेरी बंध असतात, आणि त्यामुळे हा रेणू २७१, २८२ आणि २९३ नॅनोमीटरला कमाल शोषण दाखवतो. त्या शोषणाची कड २५४ पर्यंत पुरेशी पोचते. हेक्सेन, डायएथिल ईथर आणि ॲसेटिक आम्ल ७०:३०:१ या मिश्रणात प्लेट चढवली, तर कोलेस्टेरॉल आणि एर्गोस्टेरॉल जवळपास एकाच उंचीवर थांबतात. साध्या प्लेटवर आयोडीनच्या वाफेत दोघांचे ठिपके सारखेच पिवळट-तपकिरी येतात आणि विद्यार्थी दोघांना एकच समजतो. एफ-२५४ प्लेटवर दिवा लावताच एक ठिपका काळा दिसतो आणि दुसरा दिसत नाही. बुरशीचे पेशीपटल आणि आपले पेशीपटल यांतला फरक याहून थोडक्यात दाखवता येईल असे मला वाटत नाही.

हा फरक केवळ पुस्तकी नाही. फ्रान्समध्ये शार्ल तांरे यांनी १८८९ मध्ये राय या धान्यावरील अरगट बुरशीतून हे स्टेरॉल वेगळे केले. पुढे पॉलिईन गटातील प्रतिजैविके बुरशीनाशक म्हणून वापरात आली, ती याच रेणूला चिकटत असल्यामुळे. अम्फोटेरिसिन-बी हे त्यांतले सर्वपरिचित नाव आहे. २०२१ मध्ये म्युकरमायकोसिसच्या साथीत महाराष्ट्रातील कित्येक कुटुंबांनी ते औषध मिळवण्यासाठी वणवण केली. त्याच गटातील हॅमायसिन हे प्रतिजैविक पुण्याजवळच्या पिंपरी येथील हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये शोधले गेले. ज्या सूक्ष्मजीवापासून ते मिळाले त्याला स्ट्रेप्टोमायसीस पिंप्रिना असे नाव दिले गेले, ही गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांना बहुधा कोणी सांगत नाही.

तुलनेसाठी मी बेकरीतले यीस्ट, ॲस्परजिलस नायगर, पावावर येणारी रायझोपस, धिंगरी अळिंबी आणि पिथियम असा संच सुचवतो. यांतील पिथियम ही खरी बुरशी नव्हे; ती ऊमायसीट गटातील असून तिचे जवळचे नाते तपकिरी शैवालांशी आहे. सातारा भागात आल्याची कंदकूज ज्या जीवांमुळे होते त्यांत ती असते, त्यामुळे वनस्पतिरोगशास्त्र विभागाकडून तिचे संवर्ध मिळणे अवघड नाही. पिथियम आणि फायटोफ्थोरा स्वतः स्टेरॉल तयार करत नाहीत. म्हणून चार पट्ट्यांवर काळा ठिपका आणि पाचवीवर कोरी हिरवी जागा, असे चित्र दिव्याखाली दिसते. नाशिकच्या द्राक्षबागायतदाराला ही गोष्ट वेगळ्या वाटेने ठाऊक असते : हेक्साकोनॅझोलसारखी ट्रायझोल बुरशीनाशके भुरीवर चालतात, केवड्यावर चालत नाहीत, आणि केवडा हा ऊमायसीट गटातील जीवामुळे होणारा रोग आहे. ट्रायझोल स्टेरॉल बनवण्याच्या वाटेतील एक विकर अडवते. ज्याच्याकडे ती वाटच नाही, त्याचे ते काय अडवणार?

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. काळा ठिपका नाही म्हणजे स्टेरॉल नाही, असा निष्कर्ष विद्यार्थी हमखास काढतात आणि तो चुकीचा आहे. सर्वच खऱ्या बुरशींत एर्गोस्टेरॉल मुख्य असते असे नाही. भुरीच्या गटातील बुरशींमध्ये २४-मिथिलीनकोलेस्टेरॉल, मुळांशी सहजीवन करणाऱ्या ग्लोमसच्या गटात २४-एथिलकोलेस्टेरॉल, तर न्यूमोसिस्टिसमध्ये यजमान प्राण्याकडून घेतलेले कोलेस्टेरॉल आढळते. या तिघांतही तो संयुग्मी बंध नाही, म्हणून एफ-२५४ थर त्यांच्याबाबत मूक राहतो. पिथियमच्या बाबतीत उलट अडचण येते : बटाटा किंवा ओट घातलेल्या माध्यमावर ते वाढवले, तर ते माध्यमातील वनस्पतिजन्य स्टेरॉल उचलते. तेव्हा अतिनील दिव्यानंतर त्याच प्लेटवर फेरिक क्लोराइडचे आम्लयुक्त द्रावण हलके फवारून ती १०० अंशांवर तापवावी. सर्व प्रकारची स्टेरॉले लाल-जांभळी होतात आणि दोन्ही नोंदी शेजारी ठेवल्या की खरे चित्र कळते. या प्लेटचे हे बलस्थान आहे की दिव्याखालची पाहणी नमुन्याला फारसा धक्का लावत नाही. फक्त ती लवकर आटोपावी, कारण एर्गोस्टेरॉल अतिनील प्रकाशात ‘ड-२’ जीवनसत्त्वाच्या पूर्वरूपात बदलू लागते आणि हवेत उघडे राहिल्यास त्याचे पेरॉक्साइड बनून खाली एक नवाच ठिपका उगवतो.

बुरशीविरोधी औषधांचा परिणाम दाखवण्यासाठी तर ही प्लेट फारच समाधानकारक आहे. सिलिकावर स्टेरॉले तीन पायऱ्यांत वेगळी होतात : चौथ्या कार्बनवर दोन मिथिल गट असलेली सर्वांत वर, एक गट असलेली मधे आणि एकही नसलेली खाली. एर्गोस्टेरॉल बनण्याच्या वाटेत आधी येणारे लॅनोस्टेरॉल वरच्या पायरीवर आणि एर्गोस्टेरॉल खालच्या पायरीवर असते. फ्लुकोनॅझोल दिलेल्या यीस्टमध्ये काळा ठिपका फिकट होतो आणि आयोडीनमध्ये वरच्या पायरीवरचा ठिपका ठसठशीत होतो. टर्बिनाफिन दिले, तर अडवणूक आणखी आधीच्या टप्प्यावर होते आणि साचलेले स्क्वालीन द्रावकाच्या रेषेजवळ जाऊन बसते. दोन्ही औषधे एकाच रस्त्यावर पण वेगवेगळ्या नाक्यांवर उभी असल्यासारखी दिसतात, आणि कोणते औषध कोठे काम करते हे विद्यार्थी पाठ न करता सांगू शकतो.

फॉस्फोलिपिडांकडे वळल्यावर मात्र माझा उत्साह थोडा कमी होतो. क्लोरोफॉर्म, मेथॅनॉल आणि पाणी ६५:२५:४ हे मिश्रण सर्वत्र वापरले जाते. त्यात फॉस्फॅटिडिलएथॅनॉलअमाइन वर, फॉस्फॅटिडिलकोलीन त्याच्या खाली, आणि त्याच्या आसपास फॉस्फॅटिडिलइनोसिटॉल व फॉस्फॅटिडिलसेरीन हे दोघे गर्दी करून बसतात. शेवटचे दोन वेगळे करायचे असतील, तर प्लेट आधी बोरिक आम्लाच्या अल्कोहोलातील द्रावणात बुडवून वाळवावी लागते. तयार प्लेट हे बुडवणे निमूटपणे सोसते, हाताने केलेली बहुतेकदा सोसत नाही. निनहायड्रिनने एथॅनॉलअमाइन आणि सेरीन असलेली लिपिडे जांभळी होतात, आणि मॉलिब्डेनम ब्ल्यूने फॉस्फरस असलेले प्रत्येक लिपिड निळे होते. नाव न घेता बाजूला राहते ते बीटेन लिपिड. माध्यमात फॉस्फेट कमी पडले की न्युरोस्पोरा, क्रिप्टोकॉकस यांसारख्या काही बुरशी फॉस्फॅटिडिलकोलीनच्या जागी फॉस्फरसविरहित बीटेन लिपिड वापरू लागतात. ते मॉलिब्डेनम ब्ल्यूला दिसत नाही, म्हणून केवळ निळ्या ठिपक्यांवरून तुलना करणाऱ्याला या बुरशीकडे कोलीनवर्गीय लिपिड कमी आहे एवढेच वाटते. बेकरीच्या यीस्टकडे ही सोय नाही.

दमट हवा हा या कामातला मोठा शत्रू आहे. कोकणात किंवा मुंबईत जून ते सप्टेंबर या काळात खोके उघडे राहिले, तर थर हवेतील पाणी ओढून घेतो, त्याची सक्रियता उतरते आणि तोच ठिपका आज एका उंचीवर तर उद्या दुसऱ्या उंचीवर मिळतो. प्लेट वापरण्यापूर्वी ११० अंशांवर अर्धा तास तापवून डेसिकेटरमध्ये गार करावी आणि प्रत्येक प्लेटवर ज्ञात लिपिडांची पट्टी अवश्य लावावी. दुसऱ्या दिवशीच्या उंचीशी केलेली तुलना पावसाळ्यात निरुपयोगी असते.

स्फिंगोलिपिडांच्या बाबतीत बुरशींमधला फरक रंजक आहे, पण प्लेट त्याला अर्धाच न्याय देते. ॲस्परजिलस आणि अळिंबी यांत ग्लुकोसिलसेरामाइड असते. बेकरीच्या यीस्टमध्ये ते नसते, त्याची सारी मदार इनोसिटॉल जोडलेल्या सेरामाइडांवर असते. सौम्य अल्कलीने ग्लिसरॉलवाली लिपिडे मोडून टाकली आणि उरलेला भाग प्लेटवर चढवून ऑर्सिनॉल फवारले, तर साखर असलेले ठिपके जांभळट होतात आणि यीस्टच्या पट्टीत त्या जागी काही नसते. मुळ्याच्या बियांतील एक बुरशीरोधक प्रथिन नेमके याच लिपिडाला धरते आणि म्हणूनच बेकरीच्या यीस्टवर त्याचे काही चालत नाही, एवढे सांगितले की वर्गातली चुळबुळ थांबते. मात्र यीस्टच्या इनोसिटॉलवाल्या स्फिंगोलिपिडांचे दर्शन येथे सहसा होत नाही. पेशींतून लिपिडे काढण्याच्या १९५७ च्या फोल्श पद्धतीतील क्लोरोफॉर्म-मेथॅनॉल मिश्रणात ती नीट उतरतच नाहीत. त्यांच्यासाठी एथॅनॉल, पाणी, ईथर आणि पिरिडीन यांचे वेगळे मिश्रण लागते. हा दोष प्लेटचा नव्हे, निष्कर्षणाचा आहे, परंतु दोषारोप मात्र प्लेटवर होतो.

मेदाम्लांसाठी एक जुनी युक्ती या प्लेटवर उत्तम चालते. तुकडा सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवून अंधारात वाळवावा आणि लिपिडांची मिथिल एस्टरे करून त्यावर चढवावीत. चांदीचा आयन दुहेरी बंधाला धरून ठेवतो, म्हणून संपृक्त मेदाम्ले सर्वांत वर आणि जितके दुहेरी बंध अधिक तितका ठिपका खाली येतो. बेकरीच्या यीस्टकडे केवळ एकच दुहेरी बंध घालणारे विकर आहे, त्यामुळे त्याच्या पट्टीत संपृक्त आणि एकबंधी असे दोनच गट दिसतात. ॲस्परजिलस आणि धिंगरीत द्विबंधी लिनोलेइक आम्ल ठळक असते, तर रायझोपसच्या पट्टीत त्याखाली त्रिबंधी गॅमा-लिनोलेनिक आम्ल दिसते. माझ्या मते या सबंध प्रात्यक्षिकात एर्गोस्टेरॉलच्या काळ्या ठिपक्यानंतर सर्वांत पाहण्याजोगी प्लेट हीच आहे. हातांवर आणि ओट्यावर पडणारे काळे डाग मात्र आठवडाभर सोबत राहतात.

आता उणिवा. सर्व लिपिडे एकत्र पाहण्यासाठी जुने लोक गंधकाम्ल फवारून प्लेट जाळत. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर ते करू नये. तीव्र आम्ल पत्र्याला खाते, थराखाली बुडबुडे येतात आणि थर सुटतो. शिवाय या प्लेटमध्ये थर बांधून ठेवण्यासाठी सेंद्रिय बहुवारिक वापरलेले असते, ते जास्त तापमानाला स्वतःच करपते आणि पार्श्वभूमी राखाडी होते. ज्यांचे काम जाळून मोजण्यावर अवलंबून आहे त्यांनी काचेची, जिप्सम-बंध असलेली प्लेट घ्यावी. दुसरी उणीव अशी की एफ-२५४ थर एर्गोस्टेरॉलइतकाच प्लास्टिकशीही प्रामाणिक असतो. क्लोरोफॉर्म प्लास्टिकच्या टिपने किंवा नळीने हाताळला, तर प्लास्टिक मऊ करणारी फ्थॅलेटे त्यात उतरतात आणि दिव्याखाली ठळक काळा ठिपका देतात. केवळ द्रावकाची एक कोरी पट्टी प्रत्येक प्लेटवर असलीच पाहिजे आणि शक्य तेथे काचच वापरावी.

मोजमापाच्या बाबतीत ठिपक्याच्या आकारावरून टक्केवारी काढण्याचा मोह टाळावा. येथे पत्र्याचा उलट फायदा होतो : एर्गोस्टेरॉलचा ठिपका पेन्सिलीने आखून कात्रीने कापून काढता येतो, त्यातील सिलिका एथॅनॉलात धुऊन घेता येते आणि वर्णपटमापीवर २३० ते ३०० नॅनोमीटरचा आलेख घेता येतो. ती ओळखीची शिखरे आली, की ठिपका खरा.

याहूनही मोठी मर्यादा प्लेटच्या हातात नाही. संपूर्ण पेशीतून काढलेले लिपिड म्हणजे पेशीपटलाचे लिपिड नव्हे. त्यात तंतुकणिकांचे कार्डिओलिपिन येते, मेदथेंबांतील ट्रायग्लिसराइड येते आणि जुन्या संवर्धात साठवणीसाठी बनलेली स्टेरॉल एस्टरेही येतात. ही एस्टरे द्रावकाच्या रेषेजवळ जातात आणि एर्गोस्टेरॉलची असल्यास तीही काळी दिसतात. वर्गात त्यांना कोणी विचारत नाही. केवळ बाह्य पटल वेगळे करून तुलना करायची तर उच्च वेगाचे सेंट्रिफ्यूज हवे. ते नसेल, तर निदान सर्व बुरशी एकाच माध्यमात, एकाच तापमानाला आणि वाढीच्या एकाच टप्प्यावर काढाव्यात. एर्गोस्टेरॉलचा एक रेणू तयार करायला ऑक्सिजनचे बारा रेणू लागतात, त्यामुळे घट्ट बुचाच्या फ्लास्कमध्ये वाढवलेल्या यीस्टची हलवत्या फ्लास्कमधील ॲस्परजिलसशी तुलना केली, तर प्लेटवर बुरशीचा नव्हे, बुचाचा फरक दिसेल. अळिंबीचे तर फळच वापरले जाते, कवकजाल नव्हे, याची नोंद प्रयोगवहीत स्पष्ट असावी.

हेच काम अधिक बारकाईने करणाऱ्या एचपीटीएलसी प्लेट मिळतात, त्यांचे कण लहान असतात आणि ठिपके रेखीव येतात, पण नमुना लावण्याचे यंत्र नसेल तर त्यांचा जादा खर्च वाया जातो. वस्तुमान वर्णपटमापीवर लिपिडांचे विश्लेषण करून देणाऱ्या सेवांना नमुने पाठवायचे असल्यास त्याआधी ते या प्लेटवर चढवून पाहावेत. पेरॉक्साइडचा किंवा मोडलेल्या लिपिडांचा ठिपका दिसला, तर तो नमुना पाठवण्यात अर्थ नाही. महाविद्यालयाने एफ-२५४ ॲल्युमिनियम प्लेटचे एक खोके आणि जाळण्याच्या कामासाठी जिप्सम-बंध असलेल्या काचेच्या प्लेटचे एक लहान पाकीट घ्यावे. दिव्याचे पैसे वाचवून फक्त प्लेट घेणे व्यर्थ आहे, कारण २५४ नॅनोमीटरचा दिवा नसेल तर या प्लेटसाठी मोजलेली जादा किंमत कोणत्याच उपयोगाची नाही. दिवा घेताना त्यासोबत डोळ्यांचा अतिनील-रोधक चष्माही मागून घ्यावा.